वितंडवाद नेमका कशाला म्हणायचं?

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, ठाण्यात. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. विषय होता गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कोटेशनं आली होती ३. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तिन्ही खोडून काढली. एक महाग, दुसऱ्यात हमीचा उल्लेखच नाही, तिसरा माणूस समितीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा. "मग तुमचं म्हणणं काय ते तरी सांगा," असं अध्यक्षांनी विचारल्यावर काका शांतपणे म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. हे तीन नकोत, एवढंच." अध्यक्ष भडकले. "अहो काका, हा वितंडवाद झाला! तसंच लिहा हो इतिवृत्तात."

लिहायला बसलो आणि अडलो. वितंडवाद म्हणजे काथ्याकूट, शब्दांचा कीस, असंच मी समजत आलोय. काकांचे मुद्दे तर नेमके होते. मग हा शब्द इथे चालेल का?

प्रतिसाद १
चालेल, आणि अध्यक्षांना वाटतं त्याहून चपखल बसेल. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या (तर्कशास्त्राच्या) मूळ ग्रंथात, गौतम ऋषींनी १६ पदार्थ, म्हणजे अभ्यासाचे विषय, सांगितलेत. त्यांत वाद, जल्प आणि वितंडा ओळीने येतात. वादात दोघांनाही खरं काय ते हवं असतं. जल्पात जिंकायचं असतं, मग छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ घेणं, तोसुद्धा चालतो. वितंडेची व्याख्या एवढीशी आहे : 'स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा'. म्हणजे समोरच्याचं पाडायचं, स्वतःचं काही उभं करायचं नाही. काका 'माझं काही म्हणणं नाही' म्हणाले, तिथेच ते व्याख्येत जाऊन बसले. कीस पाडणं हा अर्थ मराठीने मागाहून चढवलेला दिसतो.

गंमत म्हणजे सूत्रकाराच्या हिशेबात वाद वेगळा आणि वितंडा वेगळी, त्यामुळे 'वितंडवाद' हा जोडशब्दच त्याला विचित्र वाटला असता. आपल्याकडे 'वाद घालणे' म्हणजे भांडणे झालं, म्हणून तो खपला. हुज्जतीचीही हीच गत. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, प्रमाण. आपण ती भाजीवाल्याशी घालतो.

प्रतिसाद २
त्या व्याख्येतला 'स' विसरू नका. 'स' म्हणजे तो, आधी सांगितलेला जल्प. तेव्हा नुसतं स्वतःचं मत न मांडणं पुरेसं नाही, डावपेचही हवेत. काकांनी छल केला का?

मूळ लेखक
एकदा केला! अध्यक्ष म्हणाले, "लिफ्टचा जो कंत्राटदार सध्या चालू आहे..." काका लगेच, "चालूच आहे तो!" सभा हसली आणि मुद्दा राहिला बाजूला.

प्रतिसाद २
हा शुद्ध वाक्छल. जुन्या ग्रंथांतलं ठरलेलं उदाहरण 'नवकंबल' : बोलणाऱ्याला म्हणायचं असतं नवी कांबळ, ऐकणारा म्हणतो, नऊ कुठेत, एकच तर दिसतेय. याच छलाचा आपल्याकडे 'छळ' झाला, आणि अशा सभांना बसणाऱ्याला अर्थबदल कसा झाला ते समजावून सांगावं लागत नाही.

प्रतिसाद ३
मी ठाणे कोर्टात फौजदारी वकिली करतो. तुमच्या व्याख्येने आमचं पोट वितंडेवर चालतं. चोरी कोणी केली हे बचाव पक्षाने सांगायचं नसतं, सरकार पक्षाची गोष्ट सिद्ध होत नाही एवढं दाखवलं की संशयाचा फायदा. नाहीतर आरोपीलाच खरा चोर शोधून आणायला सांगाल. (आरोपी 'मी त्या वेळी दुसरीकडे होतो' म्हणाला, तर मात्र ते सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. तिथे तो स्थापना करतो.) काकांवर पर्याय देण्याची सक्ती कशाला?

प्रतिसाद १
सूत्रांतही वितंडेला नुसती शिवी म्हणून ठेवलेलं नाही. चौथ्या अध्यायात म्हटलंय की जल्प आणि वितंडा तत्त्वाच्या रक्षणासाठी, कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तशा.

प्रतिसाद ४
कुंपण ठीक, पण आत रोप हवं ना! वकीलसाहेब, कोर्टात आरोपी सुटला की प्रश्न मिटतो. गच्चीचं तसं नाही. तिन्ही कोटेशनं फेटाळली तर उरतं काय? वॉटरप्रूफिंग न करणं. ठाण्याच्या पावसात तोही एक निर्णयच, आणि त्याचा हिशेब सगळ्यात वरच्या मजल्याने द्यायचा. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. तेव्हा 'माझं काही म्हणणं नाही' हे खरं नाही. त्यांचं म्हणणं आहे, फक्त ते तपासायला मांडलेलं नाही. मला हा शब्द इथेच पटतो.

मूळ लेखक
सगळ्यात वरच्या मजल्यावर मी राहतो, त्यामुळे यावर काही बोलत नाही. इतिवृत्तात लिहिलंय : 'तिन्ही दरपत्रकांवर एका सभासदांनी हरकत घेतली. पर्याय सुचवला नाही.' अध्यक्ष म्हणतात, हे फार मिळमिळीत झालं.

प्रतिसाद २
हरकत म्हणजे अरबीत हालचाल. काका तर जागचे हलले नव्हते.