अन्योने (मोलिसे, इटली): घंटांची ओतशाळा, नाताळच्या मशाली आणि जुनं गाव

घाटमाथा
नमस्कार मंडळी. डिसेंबरात रोमहून मोलिसे प्रांतातल्या अन्योने या डोंगरी गावी जायचं ठरतंय. मुख्य ओढ घंटांची. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ सालची आणि वाईजवळच्या मेणवलीतली १७०७ सालची पोर्तुगीज घंटा जवळून पाहिली, की अक्षरं आणि चित्रं पृष्ठभागावर उठून आलेली दिसतात. ती कोरलेली नाहीत, ओततानाच आलेली आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर मरियम आणि बाळ येशू आहेत. एवढं बारीक काम ओतकामात कसं उतरतं? अन्योनेत अजून जुन्याच पद्धतीने घंटा ओततात असं वाचलंय. तिथे नेमकं काय बघावं? २४ डिसेंबरची मशालींची मिरवणूक आणि गावातली इतर ठिकाणं यांबद्दलही कृपया सांगा.

ओतशाळा
अन्योनेत मारीनेल्ली घराण्याची ओतशाळा आहे. घराण्यातलं लेखी सापडणारं पहिलं नाव निकोदेमो मारीनेल्ली यांचं, साल १३३९. पोप अकरावे पायस यांनी १९२४ मध्ये या ओतशाळेला पोपचं राजचिन्ह वापरायचा हक्क दिला, म्हणून नावात 'पाँटिफिकल' (पोपची) आहे. शेजारीच संग्रहालय आहे. धातू रोज ओतत नाहीत, त्यामुळे आधी पत्र टाकून तारीख विचारा.

आता पद्धत. आधी विटांचा पोकळ गाभा रचतात, घंटेच्या आतल्या आकारापेक्षा जरा लहान. त्यावर मातीचे थर चढवतात आणि मधल्या उभ्या दांड्याभोवती एक लाकडी फळी फिरवून आकार साधतात. घंटेचा स्वर या फळीच्या कडेच्या वळणात ठरतो. काठाची सर्वांत जाड जागा व्यासाच्या साधारण १/१४ ठेवतात. कासं (घंटेचा तांबं-कथिलाचा मिश्रधातू) थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतं, म्हणून फळी तेवढी मोठी कापावी लागते. गाभ्याच्या पोटात निखारे ठेवून प्रत्येक थर वाळवतात.

गाभ्यावर मातीचीच 'खोटी घंटा' करतात. तिची जाडी खऱ्या घंटेइतकीच. मधे राख किंवा चरबीचा पातळ थर असतो, नाहीतर दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: अक्षरं, संतांच्या आकृती, वेलबुट्टी हे सगळं मेणात करून खोट्या घंटेवर सुलट चिकटवतात. त्यावर अगदी गाळलेल्या मातीचा पातळ राबडा ब्रशने लावतात. पहिला हात घाईने लावला, तर अक्षराच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि घंटेवर तिथे गाठ उमटते. मग जाडसर मातीचे थर, त्यात तार आणि लोखंडी पट्ट्या. हे झालं बाहेरचं कवच. आच वाढवली की मेण वितळून जातं आणि कवचाच्या आतल्या अंगाला उलटा ठसा राहतो. कवच उचलायचं, खोटी घंटा फोडून टाकायची, कवच नेमकं त्याच जागी परत बसवायचं. उरलेल्या पोकळीत कासं जातं. कवच थोडं जरी सरकलं, तरी घंटा एका बाजूला पातळ होते आणि आवाज फाटतो.

साचा खड्ड्यात पुरून भोवती माती थराथराने ठोकून बसवतात. हे काम ढिलं राहिलं तर द्रव धातूच्या दाबाने कवच वर उचललं जातं आणि कासं खालून वाहून जातं. त्याहून धोक्याचा साच्यातला ओलावा: वाफ होऊन घंटेत छिद्रं पडतात, प्रसंगी धातू उसळून बाहेर येतो. युरोपातल्या जुन्या ओतशाळा मातीत घोड्याची लीद आणि केस मिसळत. ते जळून बारीक वाटा राहतात आणि वायू तिथून निसटतो.

धातूचं प्रमाण तांबं ७८, कथील २२. म्हणजे ५०० किलोच्या घंटेला ३९० किलो तांबं, ११० किलो कथील, शिवाय वाटेत अडकणाऱ्या आणि जळणाऱ्या मालासाठी थोडं जादा. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. कथील लवकर जळतं, म्हणून ते शेवटी टाकतात. कथील फार झालं तर घंटा काचेसारखी तडकते, कमी पडलं तर आवाज बसका येतो. ओतताना धार तुटता कामा नये. तुटली तर दोन थर एकजीव होत नाहीत. अन्योनेत ही धार चालू असताना धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि मरियमची लिटनी (आळीपाळीने म्हणायची प्रार्थना) म्हटली जाते. ओतकाम पाहायला मिळालं तर त्या वेळी मधे बोलू नका, वाट अडवू नका. नंतर घंटा खड्ड्यातच सावकाश निवते. लवकर उकरली तर चीर जाते.

देवदार
मशालींबद्दल. मिरवणुकीचं नाव न्दोच्चाता, एका मशालीला न्दोच्चा म्हणतात. लाकूड पांढऱ्या फरचं. त्याच्या उभ्या चिरफळ्या काढून, मधे ब्रूम नावाच्या झुडपाच्या वाळलेल्या काड्या भरून दोरीने घट्ट जुड्या बांधतात. मशाल चार मीटरपर्यंत उंच असते. साधी एकेरी असते. मोठी पंख्यासारखी पसरलेली, समसंख्येत, २० जुड्यांपर्यंत. काळ्या झग्यातले वाहक ती खांद्यावर पेलतात.

लाकूड नीट वाळलं नसेल तर ज्योतीऐवजी धूरच होतो. बांधणी सैल असेल तर जळती चिरफळी निसटून पडते. पंख्याच्या आकारात वारा भरतो, म्हणून रुंद मशालीला ताकदीइतकाच वाहकांचा एकमेकांशी ताल लागतो. एकाचं पाऊल चुकलं तर सगळा भार दुसऱ्याच्या मानेवर येतो.

पूर्वी आसपासच्या वस्त्यांतले शेतकरी नाताळच्या रात्री मशालींच्या उजेडात चर्चला येत. आजही प्रत्येक वस्तीचा गट वेगळा असतो. संत अंतोनियो चर्चची घंटा झाली की गट निघतात, मुख्य रस्त्याने आगीची नदी वाहते आणि पियात्सा प्लेबिशितोत सगळ्या मशाली एका मोठ्या होळीत पडतात. ८ डिसेंबर १९९६ ला ही मिरवणूक पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासाठी रोमच्या सेंट पीटर चौकात निघाली होती. तेव्हापासून अन्योनेत ८ डिसेंबरलाही काढतात. तुमच्या तारखा जुळत असतील तर २४ तारीखच धरा, सणाचा खरा जीव त्या रात्री.

नायलॉनचं जाकीट घालू नका, एक ठिणगी पडली तरी भोक पडतं. लोकरीचा कोट आणि टोपी बरी. वारा ज्या बाजूला ठिणग्या नेतो, त्या बाजूला उभं राहू नका.

तांबटआळी
गाव सुमारे ८३० मीटर उंचीवर आहे, बर्फ पडतं. रेल्वेने इसेर्नियापर्यंत जाऊन पुढे बस. सणाच्या दिवशी बस कमी असतात, त्यामुळे २४ तारखेला मुक्काम गावातच ठेवा.

घंटांइतकंच तांब्याचं काम इथे जुनं. खाली व्हेर्रीनो नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या हातोड्यांनी पत्रे आणि भांड्यांचे ओबड तळ ठोकत, वर गावात तांबट त्यांना आकार देत. ओळखीचं भांडं म्हणजे कोंका, कमरेत आवळलेली, दोन कानांची पाण्याची घागर. विकत घेताना कमरेची वळी बघा. ठोकून ठोकून तांबं ताठर होतं, अधूनमधून लाल तापवून मऊ केलं नाही तर बारीक चिरा पडतात, आणि त्या आधी तिथे दिसतात. स्वयंपाकाला घेणार असाल तर आतून कल्हई हवीच. रिकामं भांडं विस्तवावर ठेवू नका, कथील २३२ अंशाला वितळतं.

चर्चपैकी संत फ्रान्सिसचं चौदाव्या शतकातलं चर्च आणि संत एमिदियोचं चर्च चुकवू नका. एमिदियो भूकंपापासून राखणारा संत, त्यामुळे अपेनाइनच्या डोंगरात त्याची भक्ती असणं साहजिक आहे. संत फ्रान्सिस काराच्चोलो यांचं निधनही याच गावात झालं, ४ जून १६०८ रोजी. जुन्या वस्तीत घरांवर दगडी सिंह आहेत, मान वर ठेवून चाला. अर्जेंटिनात गेलेल्या गावकऱ्यांच्या पैशातून उभं राहिलेलं नाट्यगृहही आहे.

खायला ओस्तिये रिपिएने: चर्चच्या प्रसादासारख्या दोन पातळ वेफरांमध्ये अक्रोड, बदाम, मध, चॉकलेट. दमट हवेत वेफर मऊ पडतात, डबा हवाबंद असेल तरच भारतात आणा.

घाटमाथा
फार उपयोगी. ओतशाळेत चांगली घंटा कानाने कशी ओळखायची?

ओतशाळा
टोल पडल्यावर जो स्वर लागतो त्याला सा धरा. नीट जमलेल्या घंटेत त्याखाली मंद्र सा घुमत राहतो, वर कोमल गंधार, पंचम आणि तार सा असतो. गंधार कोमल असल्यामुळे चर्चच्या घंटेचा आवाज जरा उदास वाटतो. नाद एकसारखा ओसरायला हवा; तो लाटांसारखा कमीजास्त होत असेल तर जाडी सगळीकडे सारखी नाही. आतून धातू घासून स्वर उतरवता येतो, पण घासलेलं परत भरता येत नाही. म्हणून त्या फळीचं वळण घराण्यात इतकं जपतात.

लोलक, म्हणजे घंटेच्या आत लोंबणारा टोला देणारा दांडा, तोही पाहा. तो कास्यापेक्षा मऊ लोखंडाचा, वजन घंटेच्या साधारण ३ ते ५ टक्के. टोला काठाच्या जाड जागीच पडायला हवा. वर पडला तर पातळ भाग तडकतो. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टोले पडून खळगा झाला, तर घंटा पाव फेरा फिरवून परत टांगतात.