मदत हवी आहे: बायोइंजिनिअरिंग एमएस – जर्मनी, ग्लासगो की पिट्सबर्ग?

तर्रीपोहे:

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन ठिकाणांहून होकार आलाय आणि घरात तीन पक्ष पडलेत. बाबा जर्मनी म्हणतात, आई म्हणते एका वर्षात परत ये, दादाला अमेरिकेशिवाय दुसरा देश दिसत नाही.

आधी मला नेमकं काय करायचंय ते सांगते, नाहीतर सगळे रँकिंगवर घसराल. माझ्या मोठेबाबांचा उजवा पाय शुगरमुळे गुडघ्याखालून काढावा लागला. कृत्रिम पाय चांगला आहे, मोपेड चालवतात, सक्करदऱ्याच्या बाजारात एकटे जातात. पण एप्रिल लागला की हाल सुरू. उरलेला पाय ज्यात बसतो त्या कपासारख्या सॉकेटच्या आत सिलिकॉनचा लायनर, म्हणजे मोज्यासारखं अस्तर असतं, त्यातून हवा जात नाही. दुपारी घरी येऊन कूलरसमोर बसतात आणि लायनर उलटा करतात, तेव्हा घाम टपटप फरशीवर पडतो. शिवाय दिवस चढतो तसा उरलेला पाय थोडा बारीक होत जातो, सॉकेट सैल पडतं. मग दुपारी एक मोजा वाढवायचा, संध्याकाळी आणखी एक.

फायनल इयर प्रोजेक्टमध्ये मी लायनर आणि कातडीच्या मधोमध चार थर्मिस्टर (तापमान मोजणारे सेन्सर) चिकटवले आणि मोठेबाबांना फुटाळा तलावाच्या काठाने अर्धा तास चालवलं. तापमान चढलं, ते चढणारच होतं. पण बाकावर बसल्यावर तासभर ते खाली आलंच नाही. गाईड म्हणाले सेन्सर खराब असेल. बदलून पुन्हा केलं, तेच. मोठेबाबा म्हणाले, "मला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं." तेव्हापासून डोक्यात सॉकेट आणि लायनरच आहे.

आता पर्याय:

जर्मनी: बव्हेरियातलं सरकारी विद्यापीठ, दोन वर्षं, शिक्षण शुल्क नाही. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, म्हणजे महिन्याला ९९२.

ग्लासगो: स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ, एका वर्षाचं एमएससी. कृत्रिम अवयवांच्या शिक्षणात त्यांचं नाव जुनं आहे. माझ्या हिशोबाने सगळं मिळून पन्नासेक लाख.

पिट्सबर्ग: युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग, थिसिससकट दोन वर्षं. राहणं धरून कोटीच्या घरात. आकडा ऐकून बाबांनी चहा खाली ठेवला, तो तसाच थंड झाला.

रामदासपेठेतल्या एका कन्सल्टंटकडे गेले होते. त्याने माझ्या यादीत नसलेलं चौथंच विद्यापीठ गळ्यात मारायचा प्रयत्न केला, कमिशन कुठून येतं ते कळलं. म्हणून इथे विचारतेय. सॉकेटवर खरंच काम करायला कुठे मिळेल? आणि कर्ज किती झेपवावं?

ढगाळ_स्कॉटलंड:

ग्लासगोला चार वर्षं आहे. एक घोळ आधीच सोडव: तुला पाय *बनवायचाय* की पाय *बसवायचाय*? स्ट्रॅथक्लाइडचं नाव आहे ते नॅशनल सेंटर फॉर प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्समुळे. पेशंटला माप घेऊन पाय बसवणारी माणसं तिथे तयार होतात, तो वेगळा पेशा आहे. भारतात त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे असते. बायोमेडिकलच्या एमएससीने ते लायसन्स मिळत नाही. एका वर्षाच्या कोर्समध्ये प्रोजेक्टला उन्हाळ्याचे तीनेक महिने मिळतात. तुझे चार थर्मिस्टर लावून होईपर्यंत सबमिशन येईल.

आणखी एक. १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट रूटसाठी, म्हणजे शिकून झाल्यावर इथे थांबून काम करायच्या व्हिसासाठी, अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळणार. यंदा सप्टेंबरला सुरू केलंस तर तू त्यातच येशील. आईचा पक्ष त्यामुळे जिंकतो की हरतो, तूच ठरव.

वर्धारोड:

पोरी, कोटीचं कर्ज? काऊन? बँकेत होतो म्हणून सांगतो. साडेसात लाखांच्या वर गेलीस की सरकारी बँक बहुधा तारण मागणार. नागपुरात तारण म्हटलं की पहिला प्रश्न प्लॉटला एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र आहे का. नसेल तर फाईल तिथेच अडते, ते आजच बघून घे. खाजगी वित्तसंस्था तारणाशिवाय देतात, पण व्याज बघ. प्राप्तिकरात या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, तीही जुन्या करप्रणालीतच.

खिडकीपाशी:

मी अमेरिकेतून बायोइंजिनिअरिंगमध्येच पीएचडी केली, पिट्सबर्गला नाही. बायोइंजिनिअरिंग, बायोमेडिकल, मेडिकल इंजिनिअरिंग या पाट्यांवर जाऊ नकोस. एकाच पाटीखाली कोणी पेशी वाढवतंय, कोणी एमआरआयची इमेज साफ करतंय. पिट्सबर्गला व्हीलचेअर आणि पुनर्वसनाचं काम फार मोठं आहे, पण एमएसला आलेल्याला त्या लॅबमध्ये जागा मिळेलच असं नाही. एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या ट्रेनिंग ग्रँटचे पैसे फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना, आपल्याला नाही. आपल्याला मिळतात ते प्राध्यापकाच्या स्वतःच्या संशोधन ग्रँटमधून. म्हणून पैसे भरण्याआधी दोन-तीन प्राध्यापकांना लिही. लांबलचक "रिस्पेक्टेड सर" नको. थर्मिस्टरचा आलेख जोड आणि विचार, तापमान उतरत का नाही? ज्याला त्यात रस आहे तो उत्तर देईल. माझ्या गाईडने मला माझ्या मार्कांवर नाही, एका बिघडलेल्या प्रयोगाच्या मेलवर घेतलं होतं.

शिकून झाल्यावर काम करायला ओपीटी परवान्याचे १२ अधिक स्टेमचे (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना वाढीव) २४ महिने आहेत, पण त्यानंतर एच-वन-बीची लॉटरी. त्या भरवशावर एक कोटी लावू नये, हे माझं स्पष्ट मत.

तर्रीपोहे:

@वर्धारोड काका, आरएल आहे, पण आजोबांच्या नावावर. वारसांची नोंद करायची राहिली आहे. 🤦‍♀️

@ढगाळ_स्कॉटलंड बनवायचाय. हे इतकं सरळ कोणी विचारलंच नव्हतं.

जर्मनीबद्दल कोणीच बोललं नाही?

नऊवाजता_अंधार:

बोलतो, कामावर होतो. बव्हेरियातच आहे. कोर्सच्या पानावर "इंग्रजी" लिहिलेलं असलं तरी मॉड्युलहांडबुख (विषयांची माहितीपुस्तिका) उतरवून घे आणि प्रत्येक विषयापुढे भाषा बघ. इमेजिंग, डेटा हे विषय इंग्रजीत सहज सापडतात. यंत्र, साहित्य, प्रॉस्थेटिक्स याकडे वळलीस की जर्मन वाढत जातं. आणि तुला तर तेच हवंय. कृत्रिम अवयव बनवणारी ओटोबॉक कंपनी जर्मनीचीच, १९१९ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली, आता ड्युडरश्टाटला आहे, ते आडगाव आहे. अशा ठिकाणी थिसिस किंवा इंटर्नशिप करायची तर वर्कशॉपमधल्या माणसाशी जर्मनच बोलावं लागतं.

फायदा असा की वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि नाही जमलं तरी घर गहाण पडत नाही. एपीएस, म्हणजे जर्मन व्हिसासाठी लागणारी भारतीय पदवीच्या कागदपत्रांची तपासणी, झालंय ना? ते नसेल तर व्हिसाची गोष्टच सोड.

तर्रीपोहे:

एपीएस डिसेंबरमध्येच केलंय, तेवढी हुशारी दाखवली.

मॉड्युलहांडबुख रात्री उघडलं. मला हव्या असलेल्या सहा विषयांपैकी चार जर्मनमध्ये आहेत. जर्मनची पहिली पातळी ए-वन झालीय, तिसरी म्हणजे बी-वन व्हायला किती महिने धरू? धरमपेठेत संध्याकाळचा क्लास आहे, फी भरायच्या आधी विचारतेय. आणि @खिडकीपाशी, तुम्ही म्हणालात तसा मेल लिहिलाय, आलेखासकट. त्यात मोठेबाबांचा फोटो जोडू का? ते हो म्हणतात, फक्त धोतराऐवजी पँट घालू द्या म्हणाले.