दुःखातल्या मुलांसाठी नवं आधारकेंद्र: आधी इमारत की आधी तीन वर्षांचा खर्च?

(चर्चा. प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

अर्धविराम

आई, वडील किंवा भावंड गेलेल्या मुलांसाठी केंद्र काढायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत टेबलावर नकाशा पसरतो. खोल्या, बाग, दारावर देणगीदारांच्या पाट्या. माझं म्हणणं असं की तीन वर्षांचा चालू खर्च बँकेत जमा होईपर्यंत इमारतीसाठी कोणाकडेही हात पसरू नये.

खर्च कशाचा, ते आधी पाहू. एका गटात साधारण एकाच वयाची ८ ते १० मुलं. दर पंधरवड्याला दीड तास. त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांचा गट. दर २-३ मुलांमागे एक प्रशिक्षित स्वयंसेवक आणि सगळ्यांवर एक पगारी समन्वयक. असे चार गट चालवले तर ४० मुलांपर्यंत पोचता येतं. त्यासाठी मुलांच्या खोल्यांत १६ आणि मोठ्यांच्या खोल्यांत ८, म्हणजे २४ स्वयंसेवक लागतात. गळती आणि आजारपण धरून तयार करायचे किमान ३०. प्रत्येकाला २०-३० तासांचं प्रशिक्षण. शिवाय प्रत्येक सत्राआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास त्यांची बैठक. काटकसर सुरू झाली की पहिली कात्री या नंतरच्या अर्ध्या तासाला लागते. सात वर्षांच्या मुलाने आईचा शेवटचा दिवस मातीच्या बाहुल्यांनी मांडून दाखवला, तर ते बघणारा स्वयंसेवक तसाच घरी जातो आणि सहा महिन्यांत येणं बंद करतो.

या कशावरच पाटी लावता येत नाही, म्हणून यासाठी कोणी मागत नाही. मग दुसऱ्या वर्षी इमारत उभी असते आणि गट बंद पडतात. जे मूल नुकतं बोलू लागलं होतं, त्याच्या आयुष्यातून मोठी माणसं पुन्हा एकदा न सांगता नाहीशी होतात. हे नुकसान केंद्र न काढण्यापेक्षा मोठं आहे.

पायाड

असहमत, आणि जोरात.

ऐकायला शहाणपणाचं आहे, पण मोठी देणगी अशी येत नाही. निधीमोहिमेचं गणित वरून खाली चालतं. लक्ष्य १०० भाग धरा. २० भागांची १ देणगी, १० भागांच्या २, ५ भागांच्या ४, २ भागांच्या १०. झाल्या १७ देणग्या आणि ८० भाग. उरलेले २० भाग इतर सगळ्यांकडून. एका होकारासाठी ३-४ जणांच्या घरी जावं लागतं, म्हणजे हातात ५० ते ७० नावांची यादी हवी. त्यात २० भाग देऊ शकेल असं एकही नाव नसेल तर लक्ष्य खाली आणा, पत्रकं छापू नका. निम्म्याहून जास्त, शक्यतो दोन तृतीयांश रक्कम कबूल होईपर्यंत मोहीम जाहीर करायची नाही. १२ टक्क्यांवर अडकलेला फलक येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच सांगतो की हे काही व्हायचं नाही.

आता त्या १७ जणांपुढे समन्वयकाच्या पगाराचा तक्ता ठेवा. सगळे मान डोलावतील आणि 'विचार करून कळवतो' म्हणतील. नकाशा ठेवा, वही उघडून आकडा लिहितील. माणसाचा स्वभाव आहे, त्यावर रागावून निधी जमत नाही.

दुसरं, उसनी जागा काय करते ते बघा. शाळेचा वर्ग घेतला तर काही मुलांसाठी ती तीच शाळा असते जिथे त्यांच्या घरच्या मृत्यूची कुजबूज झाली. रुग्णालयाचा हॉल घेतला तर आईला शेवटचं पाहिलं ते ठिकाण. प्रार्थनास्थळाचं सभागृह घेतलं तर वेगळ्या श्रद्धेची कुटुंबं उंबऱ्यावरूनच परत फिरतात. वाळू, माती, रंग, बाहुल्या दर वेळी काढा आणि आवरा, त्यात पाऊण तास जातो. पातळ भिंतीपलीकडून मोठ्यांचं रडणं ऐकू आलं की मुलं खेळ थांबवून कान देतात, मग त्या दिवशी काही होत नाही. अमेरिकेत पोर्टलंडचं डगी सेंटर १९८२पासून दुःखातल्या मुलांचे गट चालवतं आहे. तिथली 'ज्वालामुखी खोली' म्हणजे भिंतींना गाद्या लावलेली, फेकाफेकी आणि ठोसे मारायला मोकळीक असलेली खोली. ती उसन्या वर्गात कशी करणार?

अर्धविराम

डगी सेंटरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथला पहिला गट संस्थापिका बेव्हर्ली चॅपल यांच्या घरी भरला होता. आधी गट, मग वास्तू.

ज्वालामुखी खोलीला लागतात जाड गाद्या, फोमचे ठोकळे, एक ठोसापिशवी, खिळ्या-कोपऱ्यांवर आच्छादन आणि दाराशी एक जागं माणूस. 'स्वतःला किंवा दुसऱ्याला लागेल असं काही नाही' एवढा एक नियम. पाच वर्षांच्या भाडेकरारावर घेतलेल्या जागेत हे सगळं बसतं. उसनी जागा आणि भाड्याची जागा यात फरक आहे, तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरताय. बाकी शाळा-रुग्णालयाबद्दल जे लिहिलंय ते मान्य.

खतावणी

दोघांच्याही हिशेबात भोकं आहेत.

अर्धविराम, तुमचे आकडे मांडून बघा. इमारत १०० भाग आणि वर्षाचा चालू खर्च २५ भाग धरला, तर तीन वर्षांचे ७५. सहा महिन्यांचा राखीव निधी १२.५. एकूण १८७.५. पायाड १०० भागांची मोहीम सांगतात ती प्रत्यक्षात जवळपास दुप्पट आहे, आणि हे मोहीम संपल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो.

पायाड, तुमच्या वहीत लिहिलेली रक्कम म्हणजे पैसा नव्हे. मोठ्या देणग्या ३ ते ५ वर्षांच्या हप्त्यांत कबूल होतात. ठेकेदाराला पैसे दीड वर्षात हवे असतात. मधली दरी कर्जाने भरली जाते आणि त्याचं व्याज अंदाजपत्रकात बहुतेक वेळा नसतंच. शिवाय काही हप्ते बुडतात. देणगीदाराचा धंदा बसतो, कधी देणगीदारच जातो आणि वारसांना त्या कबुलीचं सोयरसुतक नसतं. म्हणून कबुलीपत्र लेखी, तारखांसह घ्या, आणि थोडी बुडीत आधीच वजा धरा.

इमारत उभी राहिली की खर्च संपला, असाही एक समज आहे. देखभालीसाठी दरवर्षी इमारतीच्या पुनर्बांधणी किमतीच्या २ ते ४ टक्के बाजूला ठेवावे लागतात. १०० भागांच्या इमारतीला वर्षाला २ ते ४ भाग. म्हणजे वर्षाच्या २५ भागांच्या चालू खर्चात नवी आठ ते सोळा टक्क्यांची भर, आणि मुलांच्या संख्येत एकाचीही नाही.

'कॉर्पस (कायम ठेवायचा निधी) उभारू, व्याजावर चालवू' हेही इथे कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच. दरवर्षी ४ टक्के काढायचे तर वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम लागते. आपल्या उदाहरणात ६२५ भाग. नव्या संस्थेला ते पेलणारं नाही.

उपाय भांडणाच्या मधोमध आहे. लक्ष्याचा आकडा एकच ठेवा आणि त्यातच पहिल्या तीन वर्षांचा चालू खर्च घाला. 'केंद्र उभं करणं आणि सुरू करणं' असं नाव द्या. नकाशा दाखवा, पण पाटी खोलीला न लावता 'या खोलीतल्या गटाची तीन वर्षं' अशी लावा.

मधलीसुट्टी

पैसा कुठे जाणार यावर सगळे बोलताय. तो मागताना काय दाखवणार? पत्रकावर रडवेलं मूल असेल तर माझा कशालाच पाठिंबा नाही. आठव्या वर्षी काढलेला फोटो सोळाव्या वर्षीही सापडतो. 'वडील गेलेला तो' ही ओळख पुसायला मूल गटात येतं आणि केंद्रच ती छापून वाटतं. पालकाची सही असली तरी तो पालक स्वतः ताज्या दुःखात असतो आणि मदत देणाऱ्यांना नाही म्हणणं त्याला जड जातं.

पायाड

तत्त्व बरोबर, पण किंमतही कळू द्या. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग सांगतात की नाव आणि चेहरा दाखवलेल्या एका मुलासाठी लोक नुसत्या आकडेवारीपेक्षा जास्त देतात. त्या चेहऱ्याशेजारी आकडेवारी ठेवली तर देणगी उलट घटते. चेहरा काढून टाकलात तर पत्रकात उरतं काय?

मधलीसुट्टी

बरंच उरतं. रिकामी खोली दाखवा: वर्तुळात मांडलेल्या गाद्या, मध्ये कागदी रुमालांचा डबा. स्वयंसेवकाचा चेहरा दाखवा, तो सज्ञान आहे. पूर्वी गटात असलेली, आता अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतःहून बोलणार असेल तर बोलू द्या, आणि केव्हाही मागे घ्यायचा हक्क लिहून द्या. अनेक मुलांचे अनुभव मिसळून एक गोष्ट रचली असेल तर ती रचलेली आहे हे त्याच पानावर सांगा. मुलांची चित्रं वापरताना नाव नको एवढं पुरत नाही, चित्रातली गाडी, घर, तारीख यावरूनही गावातली माणसं ओळखतात.

आणखी एक, जे सगळीकडे चुकतं. सेवा घेणाऱ्या कुटुंबांची यादी आणि देणगी मागण्याची यादी वेगवेगळ्या ठेवा, वेगवेगळ्या माणसांच्या हातात. नाहीतर नवऱ्याला जाऊन चार महिने झालेल्या बाईला छापील आवाहन जातं, तेही कधीकधी नवऱ्याच्याच नावाने. स्मरणार्थ देणगी देणाऱ्यांच्या नोंदीत मृत्यूची तारीख असते. पुण्यतिथीला आठवणीचं पत्र पाठवलं तर चालेल, त्यात पैसे मागायचे नाहीत.

तळटीप

आवाहनाच्या मजकुराबद्दलच पुढे. 'आधार मिळाला नाही तर या मुलांचं आयुष्य उद्ध्वस्त होईल' हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रकात असतं आणि ते खोटं आहे. वर्डन आणि सिल्व्हरमन यांच्या हार्वर्ड अभ्यासात आई किंवा वडील गेलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला. त्या काळात साधारण एक तृतीयांश मुलांना कधी ना कधी गंभीर अडचणी आल्या. दोन तृतीयांशांना आल्या नाहीत. करियर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १३ नियंत्रित अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरसकट सगळ्या मुलांना दिलेल्या मदतीचा ठळक फरक दिसला नाही. मदत मृत्यूनंतर फार उशीर न करता दिली, किंवा ज्यांना खरंच त्रास होतोय अशा मुलांना निवडून दिली, तिथे परिणाम बरे होते.

म्हणजे केंद्र नको असं नाही. पण पहिल्या भेटीत नीट चौकशी करणारं, गटापलीकडच्या उपचाराची गरज ओळखून पुढे पाठवणारं प्रशिक्षित माणूस हवं. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या विकाराचं वेगळं निदान आहे, त्यासाठी मृत्यूनंतर किमान सहा महिने त्रास टिकलेला असावा लागतो. अशा मुलाला नुसती चित्रकला पुरत नाही. अर्धविराम आणि पायाड, या प्रशिक्षित माणसाचा पगार तुमच्या दोघांच्याही हिशेबात नाही.

आता इमारतीबद्दल. ॲरिझोनात सँडलर आणि सहकाऱ्यांनी १५६ कुटुंबांतल्या २४४ मुलांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने १२ सत्रांचा कार्यक्रम तपासला. मुलांबरोबर उरलेल्या पालकालाही शिकवलं: मुलाचं ऐकून कसं घ्यायचं, घरातली शिस्त आणि दिनक्रम कसा टिकवायचा. सहा वर्षांनंतरही फायदा दिसला, आणि त्यात पालकाच्या वागण्यातल्या बदलाचा वाटा मोठा होता. तेव्हा मोहिमेत सगळ्यात आधी ज्या खोलीसाठी पैसे मागायला हवेत ती मोठ्यांची खोली. नकाशांत ती सहसा जिन्याखाली, चहाच्या टेबलाशेजारी असते.

पायाड

मोठ्यांच्या खोलीसाठी देणगीदार मिळवणं ज्वालामुखी खोलीपेक्षा दहापट अवघड आहे. पण मुद्दा मान्य. ज्वालामुखी खोलीसाठी आलेला पैसा मात्र मग तिथेच खर्चावा लागेल, तिकडे वळवता येणार नाही.

अर्धविराम

म्हणूनच विशिष्ट कामाला बांधलेल्या देणग्या कमी घ्या. खतावणींचा एकच आकडा मला मान्य, एका अटीवर: चालू खर्चाचा भाग आधी भरायचा, इमारतीचा नंतर. पहिले ७५ भाग आणि राखीव निधी जमला की भाड्याच्या जागेत दोन गट सुरू करायचे. बांधकामाचा विचार गटांची प्रतीक्षायादी दिसल्यावर.

पायाड

आणि इमारतीसाठी दिलेला पैसा तोवर पडून राहणार? देणगीदार विचारेल, वीट कुठे आहे?

खतावणी

तो प्रश्न पावती फाडण्याआधी सोडवायचा. कबुलीपत्रात हे वाक्य घाला: "ठरलेल्या तारखेपर्यंत बांधकामाचे लक्ष्य पूर्ण न झाल्यास ही रक्कम दुःखातल्या मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या गटांसाठी वापरण्यास माझी संमती आहे, संमती नसल्यास रक्कम परत घेईन." दोन चौकटी, एकीवर खूण. तारीख कोरी सोडू नका. हे वाक्य नसेल तर अर्धवट मोहिमेचा पैसा ना इमारतीला पुरतो ना गटाला वापरता येतो, आणि प्रत्येक देणगीदाराकडे नव्याने परवानगी मागत फिरावं लागतं.

पायाड

वाक्य चालेल. 'परत घेईन'च्या जागी 'परत मिळावी' करा, आणि 'पालकांच्या' ठळक छापा. निदान तळटीप तरी खूश होतील.