पाचवी-आठवीची परीक्षा : पालकांना नियम वाचून दाखवायचे की उत्तरपत्रिका?

विक्रोळीकर
गेल्या शनिवारी मुलाच्या शाळेत पाचवीच्या पालकांची सभा झाली. मुख्याध्यापकांनी शासन निर्णय अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला, आम्ही माना डोलावल्या आणि बाहेर पडल्यावर जिन्यातच एकमेकींना विचारू लागलो की, म्हणजे नक्की काय होणार? त्या जिन्यातल्या प्रश्नासाठी हा धागा काढत आहे.

नियम तसा अवघड नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला तेव्हा आठवीपर्यंत कोणाही मुलाला मागे ठेवायचे नाही, असे त्यात होते. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा आली आणि अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने डिसेंबर 2023 च्या शासन निर्णयाने त्याची पद्धत ठरवून दिली. पाचवीला प्रत्येक विषयाचे 50 गुण, त्यांतले 40 लेखी आणि 10 तोंडी-प्रात्यक्षिकाचे. आठवीला 60, त्यांतले 50 लेखी. उत्तीर्ण होण्यासाठी 35 टक्के, म्हणजे पाचवीला 18 आणि आठवीला 21 गुण. तेवढे न मिळाल्यास जादा मार्गदर्शन आणि जूनमध्ये पुनर्परीक्षा, आणि तीही न जमल्यास पुन्हा तोच वर्ग.

अडचण अशी की, इतकी वर्षे आमच्या हातात श्रेणी पडत आल्या. जुन्या कोष्टकात 33 ते 40 टक्क्यांना ड मिळत असे, आणि ड म्हणजे आमच्या लेखी ‘गेला बुवा पुढे’. आता 50 पैकी 17 गुण म्हणजे 34 टक्के. जुन्या कोष्टकात तो ड, नव्या नियमात उत्तीर्णाच्या रेषेखाली. सभेत हे कोणी सांगितले नाही. घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा माझ्या लक्षात आले.

दुसरी गोष्ट घरातली आहे. मुलाच्या गणिताच्या चाचणीत एक उदाहरण होते : ठाण्याहून 7 वाजून 48 मिनिटांनी सुटलेली लोकल दादरला 8 वाजून 31 मिनिटांनी पोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला? त्याने उत्तर लिहिले, 83 मिनिटे. दोनपैकी शून्य गुण. माझ्याकडे फक्त तो शून्य आला असता, तर मी त्याला ‘अभ्यास कर’ म्हणाले असते. उत्तरपत्रिका हातात आली म्हणून दिसले की, त्याने 831 मधून 748 अगदी बिनचूक वजा केले आहेत. वजाबाकी त्याला येते. तास 60 मिनिटांचा असतो, हे त्याच्या डोक्यात बसलेले नाही. ते बसवायला दोन संध्याकाळी आणि भिंतीवरचे घड्याळ पुरले.

म्हणून माझे मत असे की, परीक्षा कठीण झाली याची भीती घालणाऱ्या सभा बंद कराव्यात आणि वर्षातून तीनदा, पहिली चाचणी झाल्यापासूनच, तपासलेली उत्तरपत्रिका पालकांच्या हाती द्यावी. पालकाला परीक्षा त्यातूनच समजेल.

रात्रपाळी
ताई, आपला मुलगा 83 का लिहितो हे आपल्याला कळले, याचा आनंद आहे. पण आपण शिकलेल्या आहात आणि संध्याकाळी घरी असता, या दोन गोष्टी आपण गृहीत धरल्या. मी अंधेरीला कारखान्यात रात्रपाळी करतो आणि माझी बायको सकाळी सहाला चार घरची पोळीभाजी करायला बाहेर पडते. सभा शनिवारी सकाळी अकराला असते, तेव्हा मी झोपेत आणि ती तिसऱ्या घरी असते.

मला या ‘पालकांना समजावून सांगा’ प्रकाराविषयीच शंका आहे. मुलाला तास साठ मिनिटांचा असतो हे शिकवणे शाळेचे काम होते. ते राहिले, परीक्षेत उघडे पडले आणि आता ते निस्तरायला पालकांनी दोन संध्याकाळी द्याव्यात, असा याचा अर्थ होतो. ज्याच्याकडे संध्याकाळ नाही तो काय करणार? तो क्लासवाल्याकडे जाणार. आमच्या चाळीत तळमजल्यावर ‘पाचवी-आठवी पास हमखास’ असा फलक लागला आहे. पालकांना परीक्षेचा अर्थ सर्वांत आधी त्या फलकाने समजावला आणि त्याची फी महिन्याला आमच्या रेशनइतकी आहे.

आणि पुनर्परीक्षेचे काय? निकाल लागल्यावर मे महिन्यात मुंबई रिकामी होते. माझ्यासारखा माणूस वर्षातून एकदाच रत्नागिरीला जातो, तिकीट महिना-दोन महिने आधी काढलेले असते, आणि आईवडील वाट पाहत असतात. ते जादा मार्गदर्शन नेमके त्याच दिवसांत. कागदावर दिलेली ही दुसरी संधी आमच्यापर्यंत कशी पोचणार, हे त्या शासन निर्णयात नसते.

खडूफळा
मी महापालिकेच्या शाळेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ शिकवते आहे, तेव्हा दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण तो पालकसभेत दर वेळी होतो. पाचवीच्या मुलाभोवती गेली काही वर्षे तीन वेगवेगळ्या परीक्षा फिरत आल्या आणि पालक त्यांना एकच समजत आले. पहिली ही वार्षिक परीक्षा, जिच्यात पास-नापास आहे. दुसरी नियतकालिक मूल्यांकन चाचणी, जिला सगळे पॅट म्हणतात. ती प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीची असते, तिची प्रश्नपत्रिका राज्यपातळीवर तयार होते आणि मूल कुठल्या पायरीवर आहे हे पाहण्यासाठी ती घेतली जाते. तिसरी शिष्यवृत्ती परीक्षा, जी 2017 मध्ये चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला आली होती आणि 2025 च्या निर्णयाने पुन्हा चौथी-सातवीकडे वळवली गेली. ती ऐच्छिक असते आणि तिच्यात मागे पडल्याने कोणाचे वर्ष जात नाही. माझ्या वर्गातल्या एका आईने शिष्यवृत्तीच्या यादीत मुलगी आली नाही म्हणून तिला आठवडाभर खेळायला सोडले नव्हते, कारण तिला वाटले की मुलगी पाचवीतच राहणार.

आता विक्रोळीकर ताईंच्या सूचनेविषयी. उत्तरपत्रिका दाखवाव्यात हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण माझ्या वर्गात 41 मुले आहेत. तपासणे, गुण पोर्टलवर भरणे, मधूनच निवडणुकीच्या याद्यांचे काम येणे, आणि त्यानंतर 41 पालकांपुढे बसून प्रत्येकाला ‘हे 83 कसे आले’ हे सांगणे, याला लागणारे तास वेळापत्रकात कुठेही नाहीत. भाषेचा प्रश्न वेगळाच. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. इंग्रजी माध्यमाच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही. तिथे उत्तरपत्रिका घरी पाठवली तरी ती वाचणारे घरात फक्त ते मूलच असते, आणि ते आपल्या सोयीचे तेवढेच वाचून दाखवते. (हुशारी तिथे पुरेपूर दिसते.)

एकेकाळचा परीक्षक
इथे सगळ्यांचा सूर परीक्षेविषयी तक्रारीचा दिसतो, म्हणून उलट बाजू मांडतो. ‘नापास करायचे नाही’ या धोरणाने गरिबांच्या मुलांचेच जास्त नुकसान झाले. नववीत आलेल्या मुलाला भागाकार येत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. आणि त्याच्या आईवडिलांना ते तेव्हा कळत असे, जेव्हा वेळ निघून गेलेली असे. आठ वर्षे गोड बोलायचे आणि नववीत एकदम दार बंद करायचे, ही दया नव्हे. 18 गुण ही काही फार मोठी अपेक्षा नाही. पालकांना समजावण्यासारखे यात फारसे काही नाही : अभ्यास केला तर पास, नाही तर नापास. आमच्या आईवडिलांना एवढे एका वाक्यात समजत असे.

रात्रपाळी
सर, आपल्या काळात एका वाक्यात समजत असे, हे खरे. मात्र ते समजल्यानंतर किती मुले शाळेत परत आली, हेही आठवून पाहावे. माझा थोरला भाऊ सातवीत नापास झाला आणि दुसऱ्या वर्षी लहान मुलांबरोबर बसायची लाज वाटली म्हणून गॅरेजमध्ये गेला. कोणी त्याला काढले नव्हते. आताच्या दुरुस्तीतही आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही असे आहे. पण मूल काढल्याने जात नाही, ते आपणहून जाते.

आपला एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. नववीपर्यंत खरे न सांगणे हीदेखील फसवणूकच होती, आणि ती आमच्यासारख्यांचीच झाली. माझे भांडण त्या खऱ्याची किंमत कोणी भरायची, यावर आहे.

विक्रोळीकर
परीक्षक सरांच्या ‘अभ्यास केला तर पास’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे. माझ्या मुलाने अभ्यास केला होता. पुस्तकातली सगळी वजाबाकीची उदाहरणे त्याने सोडवली होती, आणि तीच आली असती तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते. अलीकडच्या प्रश्नपत्रिकांत पुस्तकाबाहेरचा उतारा, तक्ता किंवा वेळापत्रक देऊन त्यावर प्रश्न विचारतात. प्रश्नोत्तरे पाठ करणे म्हणजे अभ्यास, अशी समजूत असलेला पालक मुलाकडून चार तास पाठांतर करून घेतो आणि तरी गुण कमी पडले की त्यालाच आळशी ठरवतो. काय बदलले आहे हे नियम ऐकून कळत नाही, प्रश्न डोळ्यांनी पाहावा लागतो. त्यासाठीच उत्तरपत्रिका हवी.

रात्रपाळी दादांचा आक्षेप मला लागला, हे कबूल करते. दोन संध्याकाळी माझ्याकडे होत्या. शिकवण्याचे काम शाळेचेच आहे, आणि पालकाने शिक्षक व्हावे असे मला म्हणायचे नाही. पालकाने शाळेला जाब विचारावा, आणि त्यासाठी मूल कुठे अडले हे त्याच्याकडे असावे, असे म्हणायचे आहे. ‘माझा मुलगा नापास का?’ या प्रश्नाला ‘अभ्यास कमी पडतो’ हे उत्तर तयार असते. ‘याला तासाची मिनिटे येत नाहीत, ती तुम्ही कधी शिकवणार?’ या प्रश्नावर तसे उत्तर चालत नाही.

खडूफळा
ताईंचे हे शेवटचे वाक्य माझ्याच अंगावर येणारे आहे, तरी ते बरोबर आहे.

शिक्षण कमी असलेल्या पालकाला काय कळणार, असे मीही म्हणत असे. आमच्या शाळेत लोकलचे असेच एक उदाहरण होते आणि एका मुलीच्या उत्तरपत्रिकेत ठाणे-दादर 83 मिनिटेच आली होती. तिचे वडील दादरला फुलबाजारात हमाली करतात, शाळा चौथीनंतर सुटलेली. त्यांनी कागद पाहिला आणि मुलीला विचारले, “गाडी कुर्ल्याला बंद पडली होती का गं?” ती हसली, बोटांवर मोजू लागली आणि 43 वर येऊन थांबली. मला तो धडा फळ्यावर घ्यायला अर्धा तास लागला होता.

वेळेचा प्रश्न तरीही उरतोच. 41 पालकांना एकेकटे भेटणे अशक्य आहे. पण वर्गात सर्वाधिक मुलांनी चुकवलेले तीन प्रश्न निवडून, नावे न घेता फळ्यावर मांडणे मला जमेल. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यापैकी जे दुभाषी आहेत त्यांनी भाषांतराला उभे राहावे. आमच्याकडे एक रिक्षाचालक पालक मराठी, हिंदी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा सफाईने बोलतात, आणि समितीत त्यांनी आजवर फक्त हजेरीपटावर सही केली आहे.

एकेकाळचा परीक्षक
फळ्यावर चुका मांडण्यास माझी हरकत नाही. मात्र 35 टक्क्यांची रेषा मऊ करण्याचा हा मागचा दरवाजा होऊ नये.

रात्रपाळी
रेषा तिथेच राहू द्या, सर. बाई, आपण ते तीन प्रश्न मांडणार असाल तर सभा रविवारी ठेवा, किंवा संध्याकाळी सहाला, म्हणजे मी कारखान्याची बस पकडण्याआधी येऊन जाईन. आणि पुनर्परीक्षेच्या मुलांचे मार्गदर्शन मे महिन्यावर न सोडता, पहिल्या सत्राची चाचणी झाल्यावर दिवाळीनंतर लगेच सुरू करता येईल का, हे समितीत विचारून पाहावे. मूल एप्रिलमध्ये नापास होणार हे नोव्हेंबरमध्ये दिसत असतेच.

खडूफळा
दिसते. बहुधा त्याआधीच दिसते.

विक्रोळीकर
समितीची बैठक पुढच्या बुधवारी आहे. दिवाळीनंतरच्या वर्गाचा आणि सभेच्या वेळेचा मुद्दा मी लेखी देणार आहे. बाई, एक विचारायचे राहिले : इंग्रजी माध्यमाच्या वर्गांसाठी ते तीन प्रश्न फळ्यावर इंग्रजीतच लिहायचे की मराठीत मांडलेले चालतील?