सुपारीची हिरवी गळ थांबेना, बुरशीनाशक मारूनही... काय करू?

आगरातली (श्रीवर्धन तालुका):
नमस्कार मंडळी. आमचं आगर २०२० च्या निसर्ग वादळात अर्ध्याच्या वर मोडून पडलं, बाबांनी त्याच पावसाळ्यात नवीन रोपं लावली आणि त्यातल्या काही पोफळींना यंदा पहिल्यांदा घड धरलेत म्हणून घरातल्या सगळ्यांचा जीव त्यांच्यात अडकलाय. गेले दहा-बारा दिवस सकाळी बघावं तर खाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा. जुन्या झाडांचीही गळ चालूच आहे. दुकानातून कार्बेन्डाझिम आणून दोनदा मारलं, काही फरक नाही. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

नारळीपोफळी:
ताई, थोडी गळ होतेच दरवर्षी. झाडाला पेलवत नाही तेवढी ते टाकून देतं. खत कमी पडलं असेल.

शिरसीकर:
दादा, ती गळ उन्हाळ्यात होते, बारीक बारीक फळं पडतात. ताई, पडलेली सुपारी हातात घेऊन देठाकडची बाजू बघा, तिथे भिजल्यासारखे गडद हिरवे डाग आहेत का? आणि एक-दोन दिवस तशीच ठेवली तर वर पांढरं कापसासारखं येतं का?

आगरातली:
हो हो, अगदी तसंच. काहींवर तर पडतानाच पांढरं होतं.

शिरसीकर:
मग कोळे रोग आहे, कन्नडमध्ये कोळे म्हणजे कुजणं. श्रावणातला ऊन-पाऊस याला फार मानवतो. हा फायटोफ्थोरा, दिसतो बुरशीसारखा पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, त्याची बीजं पावसाच्या पाण्यात चक्क पोहत एका फळावरून दुसऱ्यावर जातात आणि कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालतच नाही, त्यामुळे तुमची दोन्ही फवारणी फुकट गेली हो, वाईट वाटलं वाचून. यावर जुना उपाय बोर्डो मिश्रणच. म्हैसूर संस्थानात कोलमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० च्या सुमाराला या रोगाचा अभ्यास केला, आमच्याकडे अजून तेच मारतात.

१ टक्क्याचं करायचं, म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, पाणी १०० लिटर. दोन प्लास्टिकच्या पिंपांत ५० लिटरमध्ये मोरचूद आणि ५० लिटरमध्ये चुना वेगवेगळा विरघळवा (लोखंडी भांडं अजिबात नको), मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळत राहा, उलटं नाही. स्वच्छ घासलेला कोयता क्षणभर बुडवून काढा, पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुन्याचं पाणी घाला. थर यायचा थांबला की मिश्रण तयार, आणि ते त्याच दिवशी संपवायचं.

समुद्रकाठ:
वरचं सगळं बरोबर, पण वेळ महत्त्वाची आहे. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी मे अखेरीला व्हायला हवी, दुसरी ४०-४५ दिवसांनी, पाऊस लांबला तर तिसरी. आता यंदाचं जेवढं वाचेल तेवढं, उघडीप मिळाली की घडांवर नीट बसेल अशी मारा, आणि मिश्रणात राळेचं चिकट द्रव्य मिसळा नाहीतर एका सरीत वाहून जाईल. ओल्या खोडावर कोणाला चढवू नका, दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. पडलेल्या सुपाऱ्या रोज गोळा करून आगराबाहेर न्या आणि जाळा किंवा पुरा. आम्ही तीन वर्षं ते केलं नाही आणि रोग शेंड्यात उतरून सात झाडं गेली, आजीच्या हातची होती ती. झाडावरचे वाळके घडसुद्धा काढा, पुढच्या वर्षीची लागण तिथूनच होते. मोजकीच झाडं असतील तर मेमध्येच घडांना प्लास्टिकची पिशवी बांधता येते, पाणीच लागत नाही.

आगरातली:
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल बोर्डो केलं, पहिल्यांदा कोयता तांबूस झाला, म्हणजे चुना जुना होता बहुतेक, नवीन आणून घातला तेव्हा थर यायचा थांबला. नवीन पोफळी अजून बुटक्या आहेत, घड खालूनच लांब नळीने भिजले. जुन्यांसाठी चढणारा गडी उघडीप मिळाली की येतो म्हणालाय, तेव्हा वाळके घडही उतरवून घेते.