मदत हवी आहे : रक्तदाबाच्या रांगेत पन्नास बायका, पडद्यामागे चौघी

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील एका खेड्यात मी मराठी प्राथमिक शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि गावातील महिला मंडळाचे काम पाहते. कर्करोगावरील उपचारांविषयी मला काही विचारायचे नाही. ज्याला काहीही दुखत-खुपत नाही, अशा माणसाला तपासणीपर्यंत आणावे कसे आणि तपासणीत काही संशयास्पद निघाले तर पुढच्या पायरीपर्यंत न्यावे कसे, एवढाच माझा प्रश्न आहे.

गेल्या जानेवारीत आमच्या समाजमंदिरात एक शिबिर झाले. ते कोणी घेतले हे मी लिहीत नाही, कारण आलेल्या मंडळींचा हेतू चांगला होता आणि जे चुकले त्यात आमच्या मंडळाचाही वाटा होता. रक्तदाब आणि साखर तपासून घेण्यासाठी सकाळपासून रांग लागली आणि दुपारपर्यंत पन्नासच्या आसपास बायका येऊन गेल्या. त्यांच्यापैकी गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी पडद्यामागे गेल्या त्या फक्त चौघी, आणि त्यातल्या दोघी तर आमच्या मंडळाच्याच. पडदा म्हणजे दोरीवर टाकलेली चादर होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर साखरेच्या रांगेत गावातले पुरुष उभे होते. हे त्या दिवशी आम्हा कोणालाच खटकले नाही, याची आता लाज वाटते.

त्या चौघींपैकी एकीला पुढील तपासणीसाठी बेळगावला जाण्यास सांगितले होते. (तिची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.) हातात दिलेली चिठ्ठी कन्नडमध्ये होती आणि तिला मराठीच जेमतेम वाचता येते. चिठ्ठीत काय लिहिले आहे हे घरात विचारावे, तर आधी आपण तपासून घेतल्याचे सांगावे लागले असते. म्हणून तिने ती देव्हाऱ्यातील तसबिरीमागे खोचून ठेवली. गणपतीच्या आधी देव्हारा पुसताना ती सुनेच्या हाती लागली आणि सून ती घेऊन थेट माझ्याकडे आली. मधे सात महिने गेले होते. आम्ही दोघी तिला घेऊन बेळगावला गेलो. कर्करोग नव्हता, त्याच्या अलीकडची अवस्था होती, त्यावर उपचार झाले आणि यंदाच्या सुगीला ती शेतात होती. पण ही सून दुसरी कोणी असती तर काय झाले असते, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी माझ्या परीने वाचन केले आहे. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्री-पुरुषांची तोंडाच्या, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्याही कर्करोगासाठी तपासणी करावी, असे केंद्र सरकारचे 2016 सालचे धोरण आहे. आशा ताई घरोघर फिरून त्याचा फॉर्म भरतात, आमच्याही गावात भरला आहे. म्हणजे कागदावर आमच्या गावाला जागृती झालेली आहे. शिबिराच्या आदल्या दिवशी मी स्वतः अर्धा तास भाषण दिले, तक्ते दाखवले, बायकांनी माना डोलावल्या. तेव्हा माहितीच पोचत नाही म्हणून बायका येत नाहीत, हे म्हणणे मला आता पटत नाही. त्यांना माहीत आहे. घरी कळले तर काय म्हणतील, गल्लीत कळले तर लेकीचे लग्न कसे जमेल, काही निघालेच तर भाताचे पैसे दवाखान्यात जातील का, सुई लावली की रोग पसरतो म्हणतात ते खरे का, आणि ‘दुखत नसताना दुखणे बोलावून का घ्यावे’, या प्रश्नांची उत्तरे माझ्या तक्त्यावर नव्हती.

पुरुषांचे दुखणे आणखी वेगळे आहे. तंबाखू, मावा, गुटखा हे त्यांचे त्यांना कळते तरी. बायका लावतात ती मशेरी मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की आमच्याकडची म्हातारी ठामपणे ‘नाही’ म्हणते आणि फॉर्मवर तसेच लिहिले जाते. ‘दात कशाने घासता’ असे विचारले की तीच म्हातारी कमरेची डबी काढून दाखवते. भाजलेल्या तंबाखूची पूड ती दिवसातून चार वेळा हिरड्यांवर चोळत असते आणि तिच्या लेखी तो तंबाखू नसतोच.

येत्या संक्रांतीनंतर पुन्हा काही करावे असे मंडळात ठरले आहे. सीमाभागात किंवा अन्यत्र ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की शिबिराची मांडणी कशी असावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिठ्ठी मिळालेली बाई वाटेत हरवू नये यासाठी तुम्ही काय करता.

प्रतिसाद : उपकेंद्रावरील परिचारिका, चिकोडी तालुका

बाई, तुमची चादर आम्हीही टांगलेली आहे, त्यामुळे लाज वाटून घेऊ नका. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की गर्भाशयमुखाची तपासणी समाजमंदिरात करूच नये. समाजमंदिरात बोलावे, तपासणी मात्र उपकेंद्रातच करावी. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. नाव काहीही असो, आतून कडी लागणारी खोली हवी. एका दिवशी एका गल्लीतल्या, एकमेकींशी पटणाऱ्या पाच-सहा जणींनाच बोलवावे. पन्नास जणींना बोलावले की प्रत्येकीला आणखी एकोणपन्नास जणींची भीती.

दुसरे म्हणजे, आत काय होणार हे आधीच शब्दाने सांगून टाकावे. आपण ‘साधी तपासणी’ म्हणतो आणि तिथेच विश्वास गमावतो, कारण टेबलावर झोपायचे आहे हे कळल्यावर तिला ते साधे वाटत नाही. मी असे सांगते : पाळी चालू असताना यायचे नाही, आत एक उपकरण घालून पिशवीचे तोंड डोळ्यांनी पाहतात, त्यावर व्हिनेगरसारखे पातळ ॲसिटिक आम्ल कापसाने लावतात, थोडे चुणचुणेल, एक मिनिट थांबतात, तेवढ्यात एखादी जागा पांढरी पडली तर पुढची तपासणी सांगतात. पांढरी पडली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. बहुतेकींना तो नसतो, कित्येकींना साधी सूज असते आणि काहींना पुढे कर्करोग होऊ शकेल असा बदल असतो, जो वेळीच काढून टाकता येतो. हे वाक्य चिठ्ठी हातात देताना सांगून उपयोग नाही, कारण तेव्हा कानात काही शिरत नाही. ते टेबलावर चढण्याआधी सांगावे.

‘माझी पिशवी काढली आहे, मला कशाला’ असे म्हणणाऱ्या आपल्या भागात पुष्कळ आहेत. पिशवी तोंडासकट आणि कर्करोगाखेरीज अन्य कारणाने काढलेली असेल तर ही तपासणी सहसा लागत नाही, हे खरे आहे; परंतु स्तनांची आणि तोंडाची लागते. त्यांना परत पाठवू नका. पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा लाल गेले, तर मात्र ती दर पाच वर्षांनी करायच्या या नेहमीच्या तपासणीत बसत नाही, तिने त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

प्रतिसाद : बार्शीकर

सीमाभागाचा मला अनुभव नाही, पण आमच्या बाजूचा एक दाखला उपयोगी पडेल. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 साली एक मोठी चाचणी सुरू झाली. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचा समावेश होता आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्या कामाशी जोडलेले होते. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीनेसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. एकदाच केलेल्या ॲसिटिक आम्लाच्या तपासणीने तेवढा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, आणि ती तपासणी करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, शालेय शिक्षण झालेल्या आणि या कामासाठी प्रशिक्षण दिलेल्या होत्या.

माझ्या समजुतीप्रमाणे याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की एका दणदणीत शिबिराचा फोटो काढून थांबलात तर फारसे हाती लागणार नाही. कमी बायका आल्या तरी चालेल, पण त्याच बायका पुन्हा येतील अशी व्यवस्था हवी. एचपीव्ही तपासणीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याला मान्यता दिलेली आहे. पडद्याचा प्रश्न त्याने बराचसा सुटतो. ती सोय तुमच्या जवळपास कुठे आहे का, हे बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विचारून पाहण्याजोगे आहे.

प्रतिसाद : निपाणीकर

आमच्या गावाचे पोटच तंबाखूवर चालत आले आहे. वखारीत काम करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरांत मी वाढलो, त्यामुळे ‘तंबाखू सोडा’ असे भाषण आमच्याकडे कोणी ऐकून घेत नाही. आम्ही ते बंद केले. आता दूध डेअरीवर, संध्याकाळचे दूध घालायला माणसे आली की आमच्यातील एक दंतवैद्य दिवा घेऊन बसतात आणि फक्त एवढेच म्हणतात, ‘तोंड उघडा आणि तुमची स्वतःची तीन बोटे उभी आत घालून दाखवा.’ ज्याची जात नाहीत तो स्वतःच दचकतो. गुटखा-सुपारीने गालाची आतली कातडी आवळत जाते, ते त्याला सांगावे लागत नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि कपडे उतरवावे लागत नाहीत.

एक सूचना. पुरुषांची तोंडतपासणी आधी करा. केरळमध्ये झालेल्या चाचणीत तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू अशा नुसत्या डोळ्यांनी पाहण्यानेही 34 टक्क्यांनी कमी झाले होते, म्हणजे ते वाया जाणारे काम नाही. शिवाय नवरा स्वतः एकदा तपासून आला, की बायकोच्या तपासणीला तो नाही म्हणत नाही. सासूचे मात्र सांगता येत नाही.

प्रतिसाद : बेळगावकर

खर्चाची भीती वाटते तिथे रेशन कार्ड हातात घेऊन बोला. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि इतर कुटुंबांना ठरलेल्या खर्चाचा 30 टक्के भाग मिळतो. मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयातून रेफरल पत्र घ्यावे लागते. आपली माणसे ते न घेता थेट मिरजेला किंवा कोल्हापूरला जातात आणि मग योजनेत काहीच बसत नाही म्हणून परत येतात. महाराष्ट्राच्या जन आरोग्य योजनेत सीमाभागातील 865 गावे घेण्याचे जाहीर झाल्यापासून गोंधळ वाढला आहे. त्या वादात मी शिरत नाही. एवढेच सांगतो, की बाईला निघण्याआधी कोणते कार्ड, कोणत्या दारात, हे एकदा नक्की करून द्या. पहिले दार जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, ठेवणे सोयीचे पडते.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ‘साधी तपासणी’ हा शब्द मी स्वतः भाषणात पाच-सहा वेळा वापरला होता, हे वाचताना ओशाळल्यासारखे झाले.

काल मंडळाची बैठक झाली. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत हळदी-कुंकवासाठी बायका घरोघर जातातच, तेव्हा वेगळी सभा न बोलावता आमच्यातील दोघींनी प्रत्येक गल्लीत एका घरी बसावे आणि आत काय होते ते चिकोडीच्या ताईंनी सांगितले तसेच्या तसे सांगावे, असे ठरले. पडद्यामागे गेलेल्या चौघींपैकी एक जण, तीच तसबिरीमागची, स्वतःहून म्हणाली की मी येऊन सांगते. तिच्यापुढे माझा तक्ता काय कामाचा! तपासणी उपकेंद्रात, दर गुरुवारी, सहा जणींची. आमच्या आशा ताई तयार आहेत. डेअरीची कल्पना चेअरमनांना आवडली, पण दंतवैद्य अजून मिळालेले नाहीत.

चिठ्ठी कन्नडमध्येच राहणार, कारण पुढच्या रुग्णालयात ती कन्नडमध्येच लागते, आणि त्यात गैर काही नाही. तिच्या पाठीवर मात्र मराठीत चार ओळी आम्ही लिहून देणार आहोत : कशासाठी, कुठे, कोणत्या तारखेच्या आत, सोबत कोण. शेवटची ओळ रिकामी राहिली तर चिठ्ठी द्यायचीच नाही, आधी सोबतीण ठरवायची.

एका ठिकाणी मात्र आमचे अडले आहे. पाठपुरावा करायचा तर नावांची वही ठेवावी लागणार, आणि खेड्यात वही म्हटली की ती आज ना उद्या कोणीतरी उघडणार. आशा ताईंकडे सरकारी नोंद असते, पण बाई बेळगावला प्रत्यक्ष पोचली की नाही हे त्यांनाही पुष्कळदा कळत नाही. ज्यांनी अशी वही ठेवली आहे त्यांनी तिचे रकाने कसे आखले, नावाऐवजी काय लिहिले आणि ती कोणाच्या घरी ठेवली, हे कृपया कळवावे. तसेच कन्नड आणि मराठी दोन्ही नीट बोलणारी, आठवड्यातून एक दिवस बेळगावला सोबत जाऊ शकेल अशी कोणी ताई लोंढा, नंदगड किंवा जांबोटीच्या बाजूला असल्यास इथेच लिहावे. तिच्या बसभाड्याची आणि जेवणाची सोय मंडळ करील.