त्रिनिदादचा होसे, १८८४: बंदी धर्मावर की रस्त्यावर?

धागाकर्ता: ३० ऑक्टोबर १८८४. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर, सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर ब्रिटिश पोलिसांनी मोहरमच्या मिरवणुकांवर गोळ्या झाडल्या. किमान १६ माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. तिथे मोहरमला होसे म्हणतात, 'हुसेन'वरून. उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांत मुसलमान थोडेच होते. त्याच वर्षी जुलैत हुकूम निघाला होता: ताबूत मळ्याच्या हद्दीत फिरवा, शहरात नि हमरस्त्यावर आणायचे नाहीत. ही सरळसरळ एका छोट्या समाजाच्या धर्मावरची बंदी होती, असं माझं मत.

रोखठोक: नाही पटलं. मिरवणुकीत बहुसंख्य हिंदू होते, ताशे वाजवायला आफ्रिकी वंशाचे लोकही असत. हुकूम मागे घ्या म्हणून ३२ जणांचा अर्ज गेला, त्यात पुढे होता सुखू, तोही हिंदूच. मग मुसलमानांचा छळ कसा? पुढे कोणाचा ताबूत, यावरून मळ्यामळ्यांत लाठ्या चालत, तेही सोयीस्कर विसरू नका. आणि १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कॅन्बुले उत्सवाच्या वेळी पोलीस आणि लोकांत जुंपलीच होती. सरकार धास्तावणारच.

धागाकर्ता: कॅन्बुलेचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं हो! तो मुक्त झालेल्या गुलामांचा उत्सव, हा मजुरांचा. मळेवाल्यांच्या नाचगाण्यांवर कधी असा हुकूम निघाला?

उसाचं कांडं: दोघंही धर्मातच अडकलात. १८८४ला साखरेचे भाव कोसळले होते, बीटच्या साखरेने उसाला खाल्लं होतं. मळ्यांवर कामाचा बोजा वाढला, संप होत होते. करारातल्या मजुराला परवान्याशिवाय मळा सोडता येत नसे. वर्षातून एकदा वेगवेगळ्या मळ्यांची हजारो माणसं एका रस्त्यावर येत, ती होसेला. मालकांना ताबुतांची नाही, त्या गर्दीची भीती होती. म्हणून तर 'मळ्यात हवं ते करा' ही मुभा.

रोखठोक: म्हणजे बंदी रस्त्यावर होती. हेच तर मी म्हणतोय.

धागाकर्ता: ताबूत थंड कुठे करायचे मग? सॅन फर्नांडोला समुद्रात ते विसर्जित होत. समुद्राची वाट अडवलीत की विधीच अडला. 'मळ्यात करा' म्हणणाऱ्याला हे कळत नव्हतं, असं मला तरी वाटत नाही. गोळीबाराच्या चौकशीला आणले ते जमैकाचे गव्हर्नर हेन्री नॉर्मन, १८५७ला दिल्लीच्या वेढ्यात लढलेले. गोळीबार योग्य ठरवून मोकळे झाले.

रोखठोक: नॉर्मनवरून एवढा निष्कर्ष नको. जमावाने पांगावं म्हणून दंगाबंदीचा कायदा मॅजिस्ट्रेटने आधी वाचून दाखवला होता.

उसाचं कांडं: वाचला, पण इंग्रजीत. ढोलताशांच्या गजरात, भोजपुरी बोलणाऱ्या माणसांना. अवांतर: पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्समध्ये होसे आजही निघतो.